अंतर आणि वेळ

अवसरी खुर्दहून पुणें सुमारें साठ किलोमीटर. मोटारीनें दीड-दोन तासांची वाट. गाडीबैलांच्या काळीं हीच वाट कोसांइतकीच मुक्कामांनींही मोजीत. अंतर तेंच राहिलें. पालटला तो वेळ. विमानांच्या इतिहासांत हा पालट फार ठळक दिसतो, आणि त्यांतील एक पान पुण्याचें आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून सकाळीं टपाल घेऊन निघाले. विमान एका इंजिनाचें, पस मॉथ जातीचें. अहमदाबादेस पेट्रोल घेऊन ते दुपारीं जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. कराची ते मुंबई सरळ रेषेंत नऊशें किलोमीटरही भरत नाहीं. परंतु अहमदाबादेच्या वळशानें हा प्रवास हजारावर गेला. दोन तळांमधील अंतर एक आणि विमानाची वाट दुसरी, हा धडा पहिल्याच दिवशीं मिळाला.

दुसरा धडा पावसानें दिला. जुहूचा तळ समुद्रकांठचा. पावसाळ्यांत तेथें उतरण्याची सोय उरत नसे. मग विमानें, वैमानिक व कारागीर असा सारा संसार पुण्यास हलवीत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून काम चाले. यंत्र कितीही वेगवान असलें, तरी त्याला उतरावयास कोरडी जमीन लागतेच.

पुढें ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. सुवेझचा कालवा झाल्यावरही ज्या प्रवासास आगबोटीनें आठवडे लागत, तो आतां दिवसांच्या हिशेबांत आला. १९६० सालीं जेट विमानें आलीं आणि दिवसांचे तास झाले. आज मुंबई-लंडन हें सुमारें ७,२०० किलोमीटरांचें अंतर थेट विमान साधारण नऊ-दहा तासांत कापतें. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वरच्या वाऱ्यांमुळें जातांना वेळ अधिक लागतो, येतांना कमी.

मग अंतर खरोखरच जिंकलें काय? एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्तानानें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस वळसा पडला आणि वेळ वाढला. ज्या कराचीहून टाटांच्या टपालाचें पहिलें विमान उडालें, तेथलेंच आकाश बंद झालें! पृथ्वी तेवढीच, यंत्रें पूर्वीपेक्षां उत्तम; तरी वाट लांबली.

जुन्नरच्या नाणेघाटांत दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यांत टाकीत, असें सांगतात. कल्याणहून माल घेऊन येणाऱ्यास डोंगराची चढण जितकी आडवी येई, तितकीच नाक्यावरच्या माणसाची मर्जीही. आकाशांत रांजण दिसत नाहीं, परंतु नाका तेथेंही आहेच. दोन गांवांमधील अंतर धरणी ठरवते. त्यांमधील वेळ मात्र बव्हंशीं माणसेंच ठरवितात.