सयामी मांजराचा काळा मुखवटा

श्रोतेहो, चुलीपाशी अंग चोरून बसणारे मांजर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. आज सांगणार आहे ते मात्र दूरदेशीचे. अंग सायीच्या रंगाचे; तोंड, कान, पाय नि शेपूट तेवढी काळपट; आणि डोळे निळेशार. हे सयामी मांजर. सयाम म्हणजे आताचा थायलंड. देशाचे नाव १९३९ साली बदलले.

आपल्याकडे घोड्यांची लक्षणे सांगणारे ग्रंथ आहेत ना, तशा त्या देशात मांजरांची लक्षणे पद्यात सांगणाऱ्या सचित्र पोथ्या आहेत. त्यांत या मांजराला ‘विचियनमात’ म्हटले आहे. यातला ‘विचियन’ म्हणजे मुळात आपलाच ‘वज्र’ शब्द, म्हणजे हिरा!

१८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे प्रदर्शन भरले. त्यात ही मांजरेही होती. पूर्वी यांतली पुष्कळशी तिरळी असत. त्याची एक कथा सांगतात. देवळातल्या सोन्याच्या पेल्याची राखण करताना एक मांजर इतके टक लावून बसले, की त्याचे डोळे नाकाकडे वळले ते वळलेच!

खरे कारण निराळे आहे. केसांचा काळा रंग एका एन्झाइममुळे तयार होतो. या मांजरात ते जन्मतःच सदोष असते. अंगाच्या उबेत ते काम करीत नाही, गारव्यात करते. कान, पाय, शेपूट ही शरीराची गार टोके, म्हणून ती काळी. पिल्लू आईच्या पोटातल्या उबेत वाढते, म्हणून जन्मते जवळजवळ पांढरे. रंग चढतो तो पुढे. पाठीचे केस काढून ती जागा गार ठेवली, तर तेथेही काळसर केस उगवतात. १९३० साली रशियन शास्त्रज्ञांनी असे प्रयोग प्रसिद्ध केले.

आणि तिरळेपणा? त्याचे मूळही रंगाच्या याच उणिवेत. तिच्यामुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू भलत्या बाजूस जातात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९७१ साली या मांजरांच्या मेंदूतील ही चुकलेली वाट तपशिलाने दाखवली.

म्हणजे पहा, दोष एकच. माणसाने त्याच्या एका परिणामाला सौंदर्य म्हटले, दुसऱ्याला व्यंग. पैदास करणाऱ्यांनी सरळ डोळ्यांची मांजरे निवडून तिरळेपणा पुष्कळ कमी केला. पण मज्जातंतूंची आडवाट आत राहिलीच. मुखवटा हवा, तर तीही आली.

गुरुजनहो, वर्गात एवढेच विचारा: पांढऱ्या पिलाचे कान आधी का काळे होतात? मुले काय उत्तरे देतात, ती ऐका. मग ही गोष्ट सांगा.