सेशन स्कोप आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचना (स्काडा व एचएमआय)

कारखान्यातील यंत्रे पडद्यावरून पाहण्याच्या व चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये (स्काडा व एचएमआय) कोणती माहिती यंत्राची आणि कोणती ती पाहणाऱ्याची, हे ठरवणारी रचनापद्धती. यंत्राची माहिती ऑब्जेक्टच्या रूपात सर्व्हरवर एकाच ठिकाणी असते. एका ऑपरेटरच्या लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत टिकणारी माहिती सेशन स्कोपमध्ये असते.

ऑब्जेक्टची कल्पना ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमधील सिम्युला ६७ या भाषेतून आली. पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) प्रोग्रामिंगच्या आयईसी ६११३१-३ या मानकात (१९९३) क्लास, मेथड व इंटरफेस यांचा समावेश तिसऱ्या आवृत्तीत (२०१३) झाला.

क्लास व इन्स्टन्स : छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि परिसरात वाहनांच्या सुट्या भागांचे उद्योग वाढले, ॲल्युमिनियम डाय कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबाने भरणे) हा त्यांतला एक. अशा शॉपमध्ये एकाच जातीची अनेक यंत्रे ओळीने उभी असतात. प्रत्येकासाठी वेगळा स्क्रीन न काढता ‘डाय कास्टिंग यंत्र’ हा एकच क्लास करतात. धातूचे तापमान, शॉटचा वेग व सायकल टाइम हे त्याचे गुणधर्म. सुरू करणे व थांबवणे या मेथड. नवे यंत्र बसले की फक्त त्या क्लासचा नवा इन्स्टन्स (प्रत्यक्ष ऑब्जेक्ट) जोडायचा. फेसप्लेट (यंत्राची पडद्यावरची चौकट) तेच राहते.

व्याप्तीचे स्तर : यंत्रावर एकच पॅनेल असे तोवर यंत्राची व ऑपरेटरची माहिती वेगळी करण्याची निकड नव्हती. एकच प्रकल्प अनेक ब्राउझर व टॅबलेटवर उघडू लागल्यावर ती भासली. इंडक्टिव्ह ऑटोमेशनच्या इग्निशन प्रणालीतील पर्स्पेक्टिव्ह या मॉड्यूलमध्ये (२०१९) व्ह्यू, पेज, सेशन व गेटवे (सर्व्हर) असे स्तर आहेत. वापरकर्ता, त्याची भूमिका, पडद्याची भाषा व निवडलेले यंत्र या सेशनच्या गोष्टी. सेटपॉइंट (यंत्रासाठी ठरवलेले मूल्य), चालू-बंद स्थिती व अलार्म या सामाईक. अलार्म एकाने मान्य केला तरी ती नोंद सर्वांना दिसली पाहिजे. मात्र आपल्या टॅबलेटवरचा अलार्मचा आवाज बंद करणे हा त्या सेशनपुरता मामला असतो.

नेहमीच्या चुका : ‘निवडलेले यंत्र’ सामाईक टॅगमध्ये (सर्व्हरवरील मूल्यात) ठेवले, तर शॉपवर एकाने सात नंबरचे यंत्र निवडताच कंट्रोल रूममधल्या दुसऱ्याचा पडदाही सातवर जातो आणि तीन नंबरसाठी दाबलेले ‘थांबवा’ बटण सातला लागू होते. उलट चूक म्हणजे रेसिपी (यंत्राच्या मूल्यांचा संच) पाठवण्याचा क्रम सेशनच्या स्क्रिप्टमध्ये लिहिणे. वाय-फाय तुटून सेशन संपले की निम्मी मूल्ये नवी, निम्मी जुनी राहतात. म्हणून असा क्रम पीएलसीत किंवा सर्व्हरवर चालवतात; सेशन फक्त आज्ञा देते व प्रगती दाखवते. इमर्जन्सी स्टॉपसाठी या सॉफ्टवेअरवर विसंबत नाहीत. त्याची स्वतंत्र सुरक्षा-यंत्रणा असते.

नोंदी व जबाबदारी : छत्रपती संभाजीनगर परिसरात चिकलठाणा व वाळूज येथे औषधनिर्मितीचेही कारखाने आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांखाली येणाऱ्या उत्पादनाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांना ‘२१ सीएफआर भाग ११’ (१९९७) लागू होतो. शिफ्ट बदलताना आधीच्या ऑपरेटरचे सेशन उघडे राहिले, तर पुढच्याने केलेला बदल आधीच्याच्या नावावर पडतो. त्यामुळे काही काळ हालचाल नसल्यास आपोआप लॉगआउट होण्याची सोय ठेवतात आणि महत्त्वाच्या बदलाच्या वेळी पासवर्ड पुन्हा मागतात. बदल कोणी केला हे सेशनवरून कळते. त्याची नोंद मात्र सेशन संपल्यावरही टिकावी म्हणून सर्व्हरवरील ऑडिट ट्रेलमध्ये जाते.