पाहुणा घरचा कसा होतो? नागपूर-वर्ध्याची जपानी वाट



आपल्या बचत गटांची सहल निघाली की नागपूरच्या दीक्षाभूमीला जायचं, तिथून कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहायचं आणि परत फिरायचं, असं बहुतेक वेळा होतं. कामठीला पोचलं की कुणीतरी हमखास विचारतं, "हे जपानी मंदिर आपल्याकडे कसं आलं गं?" मग कुणीतरी सांगतं, "जपानच्या लोकांनी पैसा दिला, म्हणून झालं." हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. नुसत्या पैशानं इमारत उभी राहते, नातं राहत नाही. जपान आणि आपला वऱ्हाड-नागपूरचा मुलूख यांच्यातलं नातं त्या मंदिराच्या साठ-पासष्ट वर्षं आधीचं आहे.

बुद्धाचा धम्म आपल्याच देशातून निघाला. चीन आणि कोरिया ओलांडून सहाव्या शतकात तो जपानमध्ये पोचला. म्हणून जपानी भिक्खूंच्या दृष्टीनं भारतात येणं म्हणजे माहेरी येण्यासारखंच. अशा भावनेनं आलेले एक भिक्खू म्हणजे निचिदात्सू फुजी. 1933 साली ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत. फुजी गुरुजींच्या हातात एक वाद्य असायचं. आपल्या डफलीसारखं, एकाच बाजूनं कातडं ताणलेलं, दांड्याला धरून काठीनं वाजवायचं. ते वाजवत 'नम् म्यो हो रेंगे क्यो' असं म्हणायचं, म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करायचं. हीच त्यांची उपासना.

पुढे 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले. या पंथाचे एक जपानी भिक्खू तिथं आश्रमवासी होऊन राहिले. नेमून दिलेलं काम करायचं, सकाळ-संध्याकाळ उपासना करायची आणि सगळ्यांशी हसून बोलायचं, असं त्यांचं राहणं होतं. डिसेंबर 1941 मध्ये जपान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरला. इथं राज्य इंग्रजांचं, त्यामुळे जपानी माणूस एका रात्रीत शत्रू ठरला. त्या भिक्खूंना आश्रमातून नेण्यात आलं.

आता विचार करा. आपल्या घरी राहणाऱ्या पाहुण्याला सरकारनं शत्रू ठरवून नेलं, तर आपण काय करू? बहुतेक घरांत त्याच्या वस्तू आधी लपवल्या जातील. सेवाग्राममध्ये तसं झालं नाही. भिक्खू गेले तरी त्यांचं वाद्य राहिलं, मंत्रही राहिला. आश्रमाची प्रार्थना त्यांनीच सुरू होत राहिली. त्याच काळात, 1942 साली, गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. चीनवर केलेल्या आक्रमणाबद्दल त्यांनी जपानला त्यात स्पष्ट शब्दांत दोष दिला, आणि त्याच पत्रात या भिक्खूंची आठवण जिव्हाळ्यानं काढली. जपान सरकारचं वागणं त्यांना मान्य नव्हतं, पण त्याचा राग त्यांनी आपल्या माणसावर काढला नाही. वर्ध्याला गीताई मंदिराजवळ आज जो पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप दिसतो, तो फुजी गुरुजींच्या प्रेरणेतूनच 1993 मध्ये उभा राहिला. त्याच्या चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती आहेत.

आता वर्ध्याहून नागपूरला येऊ. ही गोष्ट दुसऱ्या एका जपानी भिक्खूंची, भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांची. 1935 साली जपानच्या ओकायामा भागात त्यांचा जन्म झाला. 1960 च्या दशकात ते भारतात आले आणि बिहारमध्ये राजगीरला फुजी गुरुजींच्या स्तूपाच्या कामात राहिले. पुढचा प्रसंग ते स्वतःच सांगत आले आहेत. एका रात्री त्यांना नागार्जुन आचार्यांचं दर्शन झालं आणि नागपूरला जाण्याचा आदेश मिळाला.

इथं शब्दांची एक गंमत आहे. आपल्याकडच्या बौद्ध ग्रंथांतला 'नाग' चिनी आणि जपानी भाषांत गेला तो ड्रॅगन होऊन. ड्रॅगन म्हणजे पंजे असलेला, सापासारखा लांबलचक काल्पनिक प्राणी. त्यामुळे जपानी भाषेत नागार्जुनांच्या नावातही ड्रॅगन आहे. त्या भिक्खूंच्या कानाला नागपूर म्हणजे ड्रॅगनचं गाव! कामठीच्या मंदिराला ड्रॅगन पॅलेस हे नाव का, हेही यावरून ध्यानात येतं. नाव परकं वाटतं, पण आत आपला नागच आहे.

ससाई नागपूरला आले तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं आणि भाषाही येत नव्हती. ते वामनराव गोडबोले यांच्याकडे पोचले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्याच्या आयोजनात गोडबोले पुढे होते. ससाईंना बाबासाहेबांचं काम इथंच कळलं. शिकवायला आलेला माणूस आधी शिकायला बसला. ते हिंदी शिकले, बाबासाहेब समजून घेतले आणि वस्तीतल्या लोकांसारखं 'जय भीम' म्हणू लागले. उत्तर नागपुरातल्या इंदोरा बुद्ध विहारात त्यांनी मुक्काम केला. गावोगाव फिरून विहारं उभारायला लोकांना उभं केलं आणि दीक्षाभूमीवर वर्षानुवर्षं धम्मदीक्षा दिली.

त्यांच्यावरही कसोटीची वेळ आली. 1980 च्या दशकात परवान्याची मुदत संपूनही राहिल्याच्या कारणावरून त्यांना देश सोडावा लागणार, असं दिसू लागलं. तेव्हा नागपूरची माणसं रस्त्यावर आली, सह्या गोळा केल्या. अखेर त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. पुढे दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

आता कामठी. हे गाव नागपूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, कन्हान नदीकाठी आहे. इंग्रजांनी 1821 साली इथं छावणी वसवली. पण या गावाची खरी ओळख विडी कामगारांची. तेंदूपत्ता कापून, त्यात तंबाखू भरून विड्या वळणाऱ्यांत बायकांचे हात फार होते. याच गावचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना संघटित केलं. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. म्हणजे ससाई जो शब्द नागपुरात शिकले, त्याचं मूळ कामठीत होतं. पुढच्या पिढीत दादासाहेब कुंभारे यांनी विडी कामगारांचं नेतृत्व केलं.

दादासाहेबांची मुलगी सुलेखाताई कुंभारे आणि जपानच्या नोरिको ओगावा या दोघींच्या मैत्रीतून ड्रॅगन पॅलेस उभं राहिलं. 1999 मध्ये ते सुरू झालं. आत चंदनाच्या लाकडात कोरलेली बुद्धमूर्ती आहे. 2017 मध्ये तिथं विपश्यना केंद्र सुरू झालं, त्याचं उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं. एवढ्या मोठ्या कामाच्या मुळाशी दोन देशांतल्या दोन बायकांची मैत्री आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगा.

मैत्रिणींनो, या तिन्ही ठिकाणांहून एकच गोष्ट दिसते. पाहुणा घरचा होतो तो दोन्हीकडून. पाहुण्यानं इथलं शिकायचं असतं आणि घरच्यांनी त्याचं जपायचं असतं. ससाई 'जय भीम' शिकले, सेवाग्रामनं मंत्र जपला. आपल्या गावात लग्न होऊन आलेली परप्रांतातली सून असो, की ऊसतोडीला, वीटभट्टीला आलेलं कुटुंब, त्यांनाही हेच लागू आहे.

पुढच्या सहलीला एक दिवस वर्धा-सेवाग्राम करा आणि एक दिवस नागपूर. नागपुरात दीक्षाभूमी पाहून झाली की सीताबर्डीहून मेट्रोनं इंदोरा चौकात उतरा आणि विहार पाहा. पुन्हा मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जा. तिथून कामठीची वाट धरा. अशोक विजयादशमी आणि 14 ऑक्टोबरच्या सुमारास गर्दी फार असते. म्हाताऱ्या बायका आणि लहान मुलं सोबत असतील तर दुसरे दिवस बघा.

जाण्याआधी एक काम करा. आपल्या गावच्या विहारासाठी किंवा मंदिरासाठी विटा कुणी वाहिल्या, मूठमूठ धान्य कुणी दिलं, रोज झाडलोट कोण करायचं, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि गटाच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. संगमरवरी फलकावर देणगी देणाऱ्यांची नावं असतात, झाडणारीचं नाव नसतं. आज तिला विचारलं नाही, तर उद्या सांगायला ती नसेल.