चिनी गुलाब

चिनी गुलाब : (शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, घोळ कुल). जमिनीलगत पसरणारी, रसाळ पानांची आणि कडक उन्हात फुलणारी छोटी शोभेची वनस्पती. ऊन चढल्यावर, म्हणजे कचेऱ्या उघडायच्या सुमारास, फुले उमलतात. म्हणून हिला ‘ऑफिस टाइम’ असेही म्हणतात. चीनशी किंवा गुलाबाशी हिचे नाते नाही. जवळची नातलग म्हणजे आपली घोळूची भाजी. मूळस्थान दक्षिण ब्राझील, उरुग्वे व अर्जेंटिना. विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८२९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

उंची फार तर वीतभर. खोड तांबूस, मऊ. पाने सुईसारखी गोलसर, एक ते अडीच सेंमी. लांब, आणि त्यांच्या बेचक्यात पांढरे केस. साध्या फुलाला पाच पाकळ्या असतात. बागांत दुहेरी, भरगच्च पाकळ्यांचे प्रकारच अधिक दिसतात. फूल एका दिवसाचे. दुपार कलली की मिटते, ढगाळ हवेत नीट उघडतही नाही. मधमाशी बसताच पुंकेसर स्पर्शाच्या दिशेने झुकतात. गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर ही हालचाल सहज दिसते.

किरमिजी, केशरी, पिवळा, गुलाबी अशा भडक छटा बीटालेन या रंगद्रव्यांमुळे येतात. बीट, बोगनवेल व निवडुंगाच्या फुलांतही हीच रंगद्रव्ये असतात. ती कशी तयार होतात, याच्या संशोधनात ही वनस्पती प्रयोगशाळेतही बरीच वापरली गेली.

दुष्काळ सोसण्याची तिची ताकद दोन गोष्टींत आहे. पहिली उघड आहे : पानांत पाणी साठते. दुसरी अधिक कुतूहलाची. एरवी ती ऊस-मक्याच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते. पाण्याचा ताण पडला की रात्री आम्ल साठवण्याची निवडुंगांची रीतही काही प्रमाणात उचलते. या दोन्ही रीती एकाच वनस्पतीत एकत्र सापडणे दुर्मीळ आहे.

त्यामुळे लागवडीत पाण्याची काळजी घ्यायची ती कमी देण्याची. हे झाड तहानेने क्वचितच मरते. मारते ती रोजची झारी. सतत ओल राहिली की खोड बुडाशी काळे पडून सडते. काळ्या मातीत थेट लावू नये. बारीक मुरूम किंवा वाळू आणि थोडे चाळलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. गच्चीवरच्या उथळ कुंड्या व टांगत्या टोपल्या हिला मानवतात. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. नत्रयुक्त खताचा मारा केला तर हिरवा पसारा वाढतो आणि फुले रुसतात. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन हवेच. सावलीत फांद्या लांबट होऊन नुसती पाने उरतात. हिरवळीऐवजी हिचा गालिचा करण्याचा मोह होतो, पण चालण्याच्या जागी तो टिकत नाही : फांद्या पायाखाली सहज तुटतात.

तुटलेल्या फांद्या मात्र वाया जात नाहीत. बोटभर तुकडा खालची पाने काढून ओलसर मातीत खोचला की आठ-दहा दिवसांत मुळे धरतो. बी धुळीसारखे बारीक असल्याने नुसते भुरभुरावे, मातीखाली दाबू नये. रुजायला त्याला उजेड लागतो. फळ पिकल्यावर डबीच्या झाकणासारखे वरून उघडते आणि बी सांडते. साधा प्रकार म्हणूनच आपोआप पुन्हा उगवतो. भरगच्च दुहेरी वाण हुबेहूब तसेच राखायचे, तर फांद्याच लावाव्या लागतात. पिठ्या ढेकूण आढळल्यास तेवढे शेंडे खुडून टाकावेत. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात जून लागण्यापूर्वी काही फांद्या कुंडीत लावून पागोळ्यांपासून दूर, पण उजेडाच्या जागी ठेवाव्यात.