धावेपासून २४५/७५ आर १६ पर्यंत

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवत असे, तिला आपल्याकडे धाव म्हणतात. पट्टी निवली की आवळली जाई आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट धरून ठेवी. खडकाळ वाटेवर ही अरुंद धाव वर्षानुवर्षे टिके. काळ्या जमिनीत मात्र पहिल्या दमदार पावसानंतर तीच गाडी आसापर्यंत रुतवी. कठीण वाटेला अरुंद चाक आणि मऊ वाटेला रुंद चाक, हा पेच मोटारीपेक्षा फार जुना आहे. त्यावर हवेचा उतारा पहिल्यांदा सुचला तो रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेविशीतल्या स्कॉटिश माणसाला. १८४५ मध्ये त्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात अशा चाकांची घोडागाडी चालवूनही दाखवली. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामडे. गाडी हलकी आणि बिनआवाजी चाले, पण त्या काळी तिला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि थॉमसन विस्मरणात गेला. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलच्या निमित्ताने तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले, तरी नाव राहिले ते डनलॉप यांचेच. थॉमसनवर झालेला हा अन्याय नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता आपण मोटारींच्या पहिल्या पर्वात येऊ. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या मागच्या टायरचे माप होते ३० x ३½. आधी टायरची बाहेरची उंची इंचांत, मग रुंदी. उंच, सडपातळ आणि पन्नास-साठ पौंडांच्या हवेने टणक फुगवलेला हा टायर चिखलात खोल उतरे आणि खाली कठीण तळ लागला की त्यावर पाय रोवून बाहेर पडे. १९२३ मध्ये फायरस्टोनने कमी हवेवर चालणारा जाडजूड ‘बलून’ टायर बाजारात आणला. टायरमध्ये हवेला प्रथमच ऐसपैस जागा मिळाली. तो आला प्रवाशांच्या सुखासाठी, पण त्याचा खरा पराक्रम दिसायचा होता वाळवंटात.

या साऱ्या कथेतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण राल्फ बॅग्नॉल्ड यांचे. इजिप्तमध्ये नेमणुकीला असलेला हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरू लागला. जिथे चाकाची गाडी जाणारच नाही अशी समजूत होती, ते वाळूचे डोंगर त्याने ओलांडले. रुतलेल्या चाकाखाली सरकवायला पोलादी पन्हळी, टायरमध्ये कमी हवा आणि वाळूच्या पोताचे बारीक निरीक्षण एवढेच त्याचे भांडवल. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. टायरचा जमिनीवर उमटणारा ठसा मुख्यतः गाडीचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरतो. दाब उतरवला की ठसा पसरतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीत अधिक पसरतो. त्यामुळे वजन वाटले जाते आणि वाळूचा वरचा पापुद्रा फुटत नाही. १९४० मध्ये बॅग्नॉल्डने कैरोत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे वाळवंटी टेहळणीचे लष्करी पथक उभे केले; त्याच्या शेव्हरोले ट्रकांना १०.५०-१६ असे रुंद वाळूचे टायर होते. पुढच्या वर्षी भारतीय घोडदळ पलटणींतल्या जवानांचे एक स्क्वाड्रनही याच कामासाठी उभे राहिले. १९४२ च्या अमेरिकन ‘डक’ या जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या ट्रकात तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धातल्याच जीपने मात्र उलट वाट धरली. तिचे माप ६.००-१६, म्हणजे रुंदी सहा इंच, रिम सोळा इंची आणि एकूण उंची साधारण अठ्ठावीस इंच. चाकांवर भार कमी, त्यामुळे अरुंद टायर पुरे, आणि तो चिखल कापत तळाला जाई. महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही हेच माप होते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीने एफ ७८-१५ हे अक्षर-आकड्याचे कोडे आणले. त्यातला एफ भारक्षमतेचा आणि ७८ हे रुंदीच्या तुलनेत साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, उंचीचे शेकडा प्रमाण.

दरम्यान १९४६ मध्ये मिशलॅंने पेटंट घेतलेला रेडियल टायर मोटारींत रुजला होता. १९७६ मध्ये बीएफगुडरिचने तो ऑल-टेरेन रूपात आडवाटेवर आणला. मोठ्या टायरांच्या या नव्या पिढीत ३१ x १०.५० आर १५ असे माप रूढ झाले. आधी उंची, मग रुंदी. मॉडेल टीचीच पद्धत अर्ध्या शतकानंतर परत आली, कारण आडवाटेवर गाडी घालणाऱ्याला पहिला प्रश्न उंचीचाच पडतो.

या सगळ्या वाटेच्या टोकाला आपण महिंद्रांच्या २०२० च्या थारपाशी उभे आहोत. ती दोन मापांत आली: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. आधी रुंदी मिलिमीटरांत, मग साइडवॉलचे शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल आणि शेवटी रिम इंचांत. पहिल्यात साइडवॉल १८४ मिलिमीटर, दुसऱ्यात १६६. एकूण उंचीत दुसरे माप १५ मिलिमीटरने सरस आहे, म्हणजे जमिनीपासून फायदा त्याच्या निम्माच. माझे मत स्पष्ट आहे. सह्याद्रीतल्या धारदार दगडांवर आणि कोकणातल्या निसरड्या लाल चिखलात जायचे असेल तर सोळा इंची रिम घ्यावी, कारण हवा उतरवल्यावर रिम आणि दगड यांच्यामध्ये ती जास्तीची अठरा मिलिमीटर भिंत उभी असते. अठरा इंची रिम महामार्गावर स्थिर वाटते आणि रुबाबदार दिसते, हे खरे. त्याहून मोठे टायर हवे असतील तर २६५/७५ आर १६ घेतल्यास २४५/७५ आर १६ पेक्षा उंची सुमारे ३० मिलिमीटरने वाढते. पण काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ चारने अधिक धावत असेल, गिअर जड पडतील, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले असता टायर घासतो का हे आधी पाहावे लागेल. चार टायर बदलले तर स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी. पंक्चर झाल्यावर वेगळ्या उंचीचे चाक लावून फोर-व्हील ड्राइव्ह टाकला, तर पुढचे-मागचे आस वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि तो सारा ताण ट्रान्सफर केसवर येतो.