जात्याला टाकी लावणारा माणूस

जाते रोज फिरले की त्याचे दगड गुळगुळीत होतात आणि दाणा नुसता घसरत राहतो. मग छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे. आमच्या वऱ्हाडात हे काम करणारे ते टाकणकार. बऱ्याच घरांत जाते जमिनीत बसवलेले, त्यामुळे टाकणकाराला थेट घरात बोलवावे लागे. चिखली तालुक्यातल्या आमच्या घरी तो आला की आजी त्याला पाणी देई, समोर बसून काम करवून घेई आणि मोबदल्यात ज्वारी घाली. तीच आजी रात्री आम्हा पोरांना ‘झोपा, नाहीतर पारध्याला देईन’ म्हणून भीती घाली. टाकणकार ही पारध्यांचीच एक शाखा, हे मला कळले ते चाळिशी उलटल्यावर, जुनी पुस्तके चाळताना. आजीला ते ठाऊक होते का, हे विचारायला ती राहिली नव्हती.

ही भीती आली कुठून? गावच्या अनुभवातून आली असे आपण समजतो. कागद निराळे सांगतात. गुन्हेगार जमाती कायदा झाला 1871 साली, पण तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरताच होता. वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचे, इंग्रजांकडे नुसता कारभार. तरीही 1882 मध्ये मेजर गनथॉर्प या पोलिस अधिकाऱ्याचे मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील ‘गुन्हेगार जमातीं’वरचे पुस्तक छापले गेले. त्यात पारधीही आहेत आणि टाकणकारही. कायदा साऱ्या देशाला लागू करण्याची सोय झाली 1911 मध्ये. म्हणजे आपल्याकडे शिक्का आधी आला, कायदा मागाहून.

त्या काळच्या पोलिसी लिखाणाचा तर्क पाहण्यासारखा आहे. जाते टाकायला घरात येणे म्हणजे टेहळणी! ज्या कामामुळे दोन समाज रोज समोरासमोर येत होते, तेच काम संशयाचा पुरावा ठरले. बरे, दाद मागायची सोय नव्हती. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तो निर्णय न्यायालयात तपासता येत नसे. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना, पुढे बोटांचे ठसे. पोटच्या पोरालाही जन्मतःच तो वारसा.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि टाकणकाराचे काम संपले. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत कमी लिहिली गेलेली गोष्ट आहे. टाकणकार घरात येईनासा झाला. त्याच्याविषयीची भीती मात्र घरातच राहिली. आता ती तपासून पाहायला ओळखीचा चेहराच नव्हता.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. पारधी, फासेपारधी, टाकणकार ही नावे आज अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीखाली आहेत. जुन्या शिक्क्याची शाई मात्र चिवट. तुरुंगांच्या नियमावल्यांतून अशा जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ ठरवणारी भाषा काढायला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला, तोही 3 ऑक्टोबर 2024 रोजी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नावच ‘प्रश्नचिन्ह’.

आणखी एक गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हटले, त्यांनाच आपल्याकडचे शेतकरी शेताच्या राखणीला ठेवतात. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या मळ्यावर असाच एक पारधी राखणदार आहे. मोटारीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे, सोयाबीनची थप्पी त्याच्या भरवशावर. गावात चोरी झाली की हाच बागायतदार आधी पारधी वस्तीकडे बोट दाखवतो. मी त्याला हे बोलून दाखवले. तो जरा थांबला आणि म्हणाला, “हा आपला माणूस हाय. याच्या बापालेबी मी ओयखतो. बाकीच्यायचं काय सांगता येते?”

त्या वस्तीवर तो कधी गेला होता का, असे मी विचारले. नाही, म्हणाला. मळ्यापासून ती अर्ध्या कोसावर आहे.