‘सामान्यतः रहिवासी’ : ब्रिटिश विद्यापीठांतील शुल्कपात्रता आणि परतलेली कुटुंबे

इंग्लंडमध्ये जन्मलेली व ब्रिटिश पारपत्र बाळगणारी मुलगी, वडिलांची नोकरी काही वर्षे कुवेतमध्ये होती एवढ्याच कारणाने, आपल्याच देशातील विद्यापीठाच्या दप्तरी ‘परदेशी’ ठरू शकते आणि तिला देशी विद्यार्थ्याच्या कितीतरी पट शुल्क भरावे लागते. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु ब्रिटिश शिक्षणविषयक कायद्याच्या गेल्या साठ वर्षांतील वाटचालीचा तो सरळ परिणाम होय. या वाटचालीचा सारा भार ‘सामान्यतः रहिवासी’ या दोन शब्दांवर पडला आहे.

हे शब्द या क्षेत्रात प्रथम आले ते कोणाला वगळण्यासाठी नव्हे. सर कॉलिन अँडरसन यांच्या समितीने १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या अनुदानांविषयी अहवाल दिला आणि त्यास अनुसरून १९६२ च्या शिक्षण-अधिनियमाने, आपल्या क्षेत्रातील ‘सामान्यतः रहिवासी’ असलेल्या पात्र विद्यार्थ्यास अनुदान देण्याचे बंधन स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांवर घातले. कोणत्या परगण्याने पैसे मोजावयाचे, एवढाच तेथे प्रश्न होता. डिसेंबर १९६६ मध्ये शिक्षणमंत्री अँटनी क्रॉसलंड यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क पुढील शैक्षणिक वर्षापासून २५० पौंड करण्याचे जाहीर केले. देशी विद्यार्थ्यांचे ते सुमारे ७० पौंडच राहिले. परगण्यांच्या सीमा आखणारा शब्दप्रयोग आता राष्ट्राची सीमा आखू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजी कायद्याजवळ याहून जुनी व अधिक चिवट अशी दुसरी संकल्पना होती, ती म्हणजे अधिवास. मूळ अधिवास मनुष्यास जन्मतः, बहुधा पित्याकडून, प्राप्त होतो आणि अन्यत्र कायमचे राहण्याचा निश्चय केल्यावाचून तो सुटत नाही. राणीच्या सेवेत असताना साताऱ्यास वा रत्नागिरीस पंचवीस-तीस वर्षे कलेक्टरी केलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचा अधिवास इंग्लंडचाच राही. ही कसोटी शुल्कास लावली असती, तर परतणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न बहुतांशी उद्‌भवलाच नसता. शासनाने वास्तव्याची कसोटी निवडली. ती एका अर्थी उदार होती, कारण वंश, जन्मस्थान व नागरिकत्व यांकडे ती पाहत नव्हती. कुटुंबासह येऊन लेस्टरमध्ये स्थिरावलेल्या परकीयाचा मुलगा तिच्यायोगे देशी ठरू शके. परंतु ज्या निःपक्षपातामुळे तो आत आला, त्याच निःपक्षपातामुळे क्वालालंपूरमधील ब्रिटिश अभियंत्याची मुलगी बाहेर राहिली.

१९८० पासून या भेदास धार आली. थॅचर यांच्या शासनाने परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे ठरविले. कलाशाखेस २,०००, विज्ञानशाखेस ३,००० व वैद्यकाच्या रुग्णालयीन वर्षांस ५,००० पौंड असे किमान दर सुचविण्यात आले. देशी विद्यार्थ्याचे शुल्क त्या वेळी शिक्षणाधिकारीच भरीत. म्हणजे ‘परदेशी’ ठरलेला विद्यार्थी दोन्हीकडून नागवला जाई : शुल्क वाढे आणि अनुदान जाई.

अशा स्थितीत शब्दांचा अर्थ न्यायालयात जाणे अटळच होते. शाह विरुद्ध बार्नेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच प्रकरणांचा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने १६ डिसेंबर १९८२ रोजी दिला. अर्जदार शिक्षणासाठी बाहेरून आलेले व तीन वर्षांहून अधिक काळ राहिलेले विद्यार्थी होते. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायासनाने त्यांना विन्मुख पाठविले होते. लॉर्ड स्कार्मन यांनी या शब्दांचा पारिभाषिक अर्थ करण्याचे नाकारले आणि १९२८ मधील प्राप्तिकराच्या दोन निर्णयांचा आधार घेतला. त्यांपैकी लायसाट प्रकरणातील करदाता आयर्लंडमध्ये घर करून राही व कंपनीच्या सभांपुरता दरमहा इंग्लंडला येई. तरीही तो इंग्लंडचा रहिवासी ठरला होता. कर वसूल करण्यासाठी राज्यसंस्थेने जो अर्थ ताणून रुंद केला, तोच आता अनुदान देताना तिच्या गळ्यात आला, ही गंमत नजरेआड करण्यासारखी नाही. स्वेच्छेने व काही स्थिर हेतूने, जीवनक्रमाचा नित्य भाग म्हणून स्वीकारलेले वास्तव्य अल्पकालीन असले तरी ते ‘सामान्य’ वास्तव्यच. शिक्षण हाही स्थिर हेतू होय. आणि मनुष्य एकाच वेळी दोन ठिकाणचा सामान्य रहिवासी असू शकतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आपल्याकडील मतदारयादीच्या कायद्यातही, १९५० पासून, हाच शब्दप्रयोग आहे. तात्पुरत्या गैरहजेरीने तेथील रहिवास तुटत नाही.

शासनाने निर्णय मान्य केला, पण त्याची व्याप्ती आवळली. १९८३ चा शुल्क व अनुदान अधिनियम आणि त्याखालील नियम यांनी तीन वर्षांच्या वास्तव्याची अट ठेवून, मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी केलेले वास्तव्य त्या हिशेबातून वगळले. रोख परकीय विद्यार्थ्यांवर होता, पण घाव दुसरीकडेही बसला. परदेशी नोकरी करणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांची मुलांना मायदेशी वसतिशाळेत ठेवण्याची चाल जुनी आहे. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला १८७१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत, साउथसीला धाडले गेले ते याच चालीने. मात्र नव्या नियमात वसतिशाळेतील अशी वर्षे सहसा जमेस धरता येत नाहीत.

उतारा म्हणून नियमांनी एक सवलत दिली : विद्यार्थी, त्याचा जोडीदार किंवा आईबाप ‘तात्पुरत्या’ नोकरीनिमित्त बाहेर असतील, तर तो काळ देशातच राहिल्याप्रमाणे धरावा. मग सारा वाद ‘तात्पुरते’ या शब्दाभोवती फिरू लागला. करार किती मुदतीचा, तो कितीदा वाढविला, घर विकले की भाड्याने दिले, सुट्टीत कुटुंब कोठे जाई, असे पुरावे पाहून निर्णय करावयाचा तो विद्यापीठातील कारकुनाने. दोन वर्षांचा करार पाच वेळा वाढला तर नोकरी तात्पुरती म्हणावी की कायमची? व्याकरण याचे उत्तर देत नाही. शिवाय वास्तव्याची परीक्षा अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी होते; प्रवेशानंतर तीन वर्षे देशात काढली म्हणून ‘परदेशी’ विद्यार्थी मध्येच ‘देशी’ होत नाही. त्यामुळे मूल चौदा वर्षांचे असताना परतावे की सतराव्या वर्षी, या कौटुंबिक निर्णयावर हजारो पौंड अवलंबून राहतात. ब्रिटिश नागरिकत्व घेऊन काही वर्षे आखातात नोकरी केलेल्या मराठी डॉक्टरासही हाच नियम लागू पडतो.

यूरोपपुरता मात्र मार्ग मोकळा झाला होता. ग्राव्हिए प्रकरणी यूरोपीय न्यायालयाने १९८५ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर समूहातील देशांच्या नागरिकांचे तेथील वास्तव्य ग्राह्य धरले जाऊ लागले. साहजिकच पॅरिसहून परतणाऱ्या ब्रिटिश मुलास देशी दर मिळे, नैरोबीहून परतणाऱ्यास बहुधा नाही. १९९८ मध्ये देशी विद्यार्थ्यांवर १,००० पौंडांपर्यंत शुल्क आले आणि २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची मर्यादा ९,००० पौंड झाली, तरी परदेशी शुल्कास मर्यादाच नसल्याने अंतर टिकून राहिले. ब्रिटन यूरोपीय संघातून बाहेर पडल्यावर यूरोपची ही वाटही मुदतीची झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी यूरोपात राहत असलेल्या ब्रिटिश नागरिकांच्या मुलांसाठी इंग्लंडच्या नियमांत जी सवलत ठेवली आहे, ती १ जानेवारी २०२८ पूर्वी सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांपुरतीच आहे. त्यानंतर लिस्बनहून परतणाऱ्या कुटुंबासही, लागोसहून परतणाऱ्याप्रमाणेच, आपली नोकरी तात्पुरती होती हे कागदपत्रांनी सिद्ध करावे लागेल.